गेटातून आत येतात, हिशेबात येत नाहीत

दरवर्षी कंपन्यांचे वार्षिक अहवाल आले की माझं डोकं फिरतं. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 197 म्हणतं, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने प्रत्येक संचालकाचा पगार कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळतं, त्या मधल्या पगाराच्या) किती पट आहे ते जाहीर करावं. करतात. कुठे कुठे तो शेकडो पट असतो! आणि त्या हिशेबात ठेकेदाराकडची पोरं नसतातच. चाकणला, रांजणगावला त्याच गेटातून आत जाणारी, त्याच लाइनवर उभी राहणारी पोरं. कंपनीच्या पटावर नाव नाही, म्हणून मोजायचं नाही. म्हणजे सगळ्यात कमी पगार वगळून काढलेला मध्यक, तरीही एवढी तफावत!

साहेबांना वाढ द्यायची असली की बाजारभाव पुढे येतो. कामगारांनी मागितली की लगेच मंदी, आणि वेतनकरार रखडतो. (तो करारही बहुतेक ठिकाणी कायम कामगारांपुरताच.) संचालकांच्या एकूण मोबदल्याला नफ्याच्या 11 टक्क्यांची मर्यादा आहे, पण भागधारकांच्या ठरावाने तीही ओलांडता येते. ठेकेदाराच्या पोराला मात्र कायद्यातला दुप्पट दराचा ओव्हरटाइम मिळवायला भांडावं लागतं, आणि भांडला की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद.

ठेकेदारांकडचे पगार धरून ते गुणोत्तर छापा ना! आकडे तुमच्याकडे आहेत, बिलं तुम्हीच चुकती करता.