रदीफ नाही, काफिया नाही, तरीही जॉन थॉम्पसन वाचा

मराठीत गझल लिहिणाऱ्या प्रत्येकाने कॅनडातला इंग्रजी कवी जॉन थॉम्पसन वाचावा असं मला मनापासून वाटतं. कॅनडाबाहेर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. जन्म १९३८ चा, इंग्लंडमधला. १९६६ पासून न्यू ब्रन्सविकमधल्या सॅकव्हिल गावात माउंट अ‍ॅलिसन विद्यापीठात शिकवत होता. गावाला लागून टँट्रामारची दलदल: आपल्या कोकण-गोव्यातल्या खाजणासारखी, बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली जमीन. दोनच संग्रह. १९७६ मध्ये गेला. दुसरा संग्रह 'स्टिल्ट जॅक' त्यानंतर, १९७८ मध्ये आला. त्यात ३८ गझला आहेत.

सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी', म्हणजे त्यांनी सांगितलेले गझलेचे नियम, लावली तर यातली एकही गझल ठरणार नाही. वृत्त नाही, काफिया म्हणजे यमक नाही, त्यामागून शेराच्या शेवटी तसाच परतणारा शब्द, म्हणजे रदीफही नाही. इंग्रजीत लिहिणारे काश्मिरी कवी आगा शाहिद अली अशा मुक्त इंग्रजी गझलांवर चिडायचे, ते रास्तच होतं. सुट्या ओळी जोडीने मांडल्या म्हणून गझल होत नाही.

पण थॉम्पसनने शेराचं स्वातंत्र्य जीव लावून सांभाळलं. पहिल्याच गझलेचा पहिला शेर पुस्तकं जाळून निघालेल्या माणसाचा. दुसऱ्यात गळाला लागलेले मोठे ट्राउट मासे, दगडासारखे जड. मध्ये सांधणारा एक शब्द नाही. सूर मात्र तोच, भेदरलेला. मासे, गळ, चंद्र, पक्षी संग्रहभर परतत राहतात, आणि रदीफाचं काम तेच करतात.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ठिकाणे, बहाणे, तराणे अशी काफियांची यादी आधी तयार. मग सानी मिसरा, म्हणजे शेराची दुसरी ओळ, बेतायचा; उला, म्हणजे पहिली ओळ, मागून भरीला घालायचा. तो उला सानीचीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगतो, त्यामुळे दोन ओळींत काही घडतच नाही. मात्रा चोख, शेर निर्जीव. मुशायऱ्यात रदीफ ऐकू आला की दाद मिळते, म्हणून हे झाकून जातं.

तपासायला सोपं आहे. मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, बाजूला ठेवा, बाकीचा प्रत्येक शेर वेगळ्या कागदावर लिहा आणि रदीफ खोडा. मग उला वाचून थांबा. सानी काय म्हणणार हे आधीच कळत असेल, तर तो शेर काढून टाका. मतल्यासकट पाचच उरले तरी गझल पुरी होते.