चौसष्ट पुरुष आणि एक काका

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समलिंगी विवाहाचा विषय निघाला आणि निवृत्त काकांनी 'आपली संस्कृती' बाहेर काढली, की मुद्द्यांवर वाद घालत बसू नका. तुमची सोय १९९६ सालीच झालेली आहे. "समलिंगींचा द्वेष करणारे आतून स्वतःच तसे असतात, हे सायन्सने सिद्ध झालंय," एवढं लिहा आणि फोन पालथा घाला. समलिंगी असण्यात काही गैर नाही हे पटवण्यासाठी काकांना 'तुम्हीच तसले' म्हणून हिणवायचं, यातली विसंगती कुणाच्या लक्षात येत नाही. आली तरी तोवर तुम्हाला आठ-दहा अंगठे मिळालेले असतात.

सिद्ध झालं ते अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात. हेन्री ॲडम्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ६४ पुरुषांवर हा प्रयोग केला. आकडा चौसष्ट कलांइतका पवित्र असला तरी उच्चारू नका. 'संशोधनात आढळलं' म्हणा. त्यात ऐकणाऱ्याच्या मनाने लाखभर माणसं सहज मावतात. हे ६४ जण सगळे गोरे, सरासरी वय विशीचं, मानसशास्त्र विभागाच्या यादीतून आलेले आणि भाग घेतल्याबद्दल अभ्यासक्रमात थोडे गुण मिळवणारे. तरी सदाशिव पेठेतल्या पासष्टीच्या काकांना निष्कर्ष तंतोतंत लागू होतो. माणसाचं मन इथूनतिथून सारखंच, असं एकदा धरून चाललं की बरेच कष्ट वाचतात.

प्रयोगात काय केलं, हे मात्र जेवणाच्या वेळी सांगू नका. लिंगाचा घेर किती वाढतो ते मोजणारं कडं लावायचं आणि चार-चार मिनिटांच्या कामुक चित्रफिती दाखवायच्या. असं कडं लावून घ्यायला तयार होणारा तरुण चारचौघांसारखाच असणार, यावर विश्वास ठेवा. नाजूक विषयांच्या अभ्यासात हा मोठाच फायदा असतो. लाजरी, भिडस्त, घाबरट माणसं मुळात फिरकतच नाहीत, म्हणजे आकडेवारीत त्यांची लुडबुड नाही.

आता निकाल. पुरुषांच्या समलिंगी संबंधांची फीत बघताना द्वेष करणाऱ्या ३५ जणांपैकी ८० टक्क्यांच्या शरीराने कमीअधिक प्रतिसाद दिला. इथे थांबा. पुढे वाचलंत तर कळेल, की द्वेष न करणाऱ्या २९ जणांतही हे प्रमाण ३४ टक्के होतं, आणि तेही स्वतःला निव्वळ भिन्नलिंगी म्हणवणारेच होते. त्या दहा जणांचं काय करायचं? शिवाय द्वेष्ट्यांपैकी सात जणांच्या बाबतीत विशेष काही घडलंच नाही. आपले काका त्या सातांतले निघाले तर तुमचा डाव जागच्या जागी संपला. आणि खुद्द संशोधकांनीच लिहून ठेवलंय, की हे आकर्षण नसून चिंताही असू शकेल, कारण चिंतेनेही उत्तेजना वाढू शकते. असल्या कबुल्या लेखाच्या शेवटाकडे असतात. शेवटाकडे जाऊ नये.

नमुना लहान असल्याची लाज मुळीच बाळगू नका. थोडक्या माणसांत फरक चांगला घसघशीत दिसला, तरच तो 'योगायोग नव्हे' या चाळणीतून सुटतो. किरकोळ फरक निघालेले प्रयोग टेबलाच्या खणात राहतात. त्यामुळे छापून आलेला फरक खऱ्यापेक्षा फुगलेला असण्याची शक्यता दांडगी. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीला तसाच लागतो.

लहान नमुना हा दोष कधी ठरतो? निष्कर्ष आपल्याला आवडला नाही तर. समजा काकांनी २०१३ चा एक अभ्यास पाठवला: गर्भधारणेची शक्यता जास्त असलेल्या दिवसांत बायका लाल किंवा गुलाबी कपडे अधिक घालतात. लगेच तुटून पडा. एका गटात इंटरनेटवरून गोळा केलेल्या १०० बायका, दुसऱ्यात फक्त २४ विद्यार्थिनी! लाल आणि गुलाबी एकत्र का मोजले? 'ते' दिवस सहावा ते चौदावा असे का धरले, आरोग्यविषयक माहितीपत्रकं तर सहसा दहावा ते सतरावा सांगतात? संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेल्मन यांनी हे आक्षेप आधीच घेऊन ठेवले आहेत. ते वाजवी आहेत, बिनधास्त वापरा. फक्त वापरून झाल्यावर नीट घडी घालून ठेवा. १९९६ च्या जवळपास नेऊ नका.

काका जरा जास्तच वाचणारे निघाले, तर ते २०१५ ची मोठी पडताळणी पुढे करतील: मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, मूळचे जवळजवळ सगळे 'यशस्वी', नव्याने जेमतेम ३६ टक्के. डगमगू नका. २०१६ मध्ये हार्वर्डचे डॅनियल गिल्बर्ट आणि इतरांनी त्या पडताळणीवरच आक्षेप घेतले. त्याची लिंक टाका. दोन्ही लेख कुणी उघडत नाही. काकांनी दोन्ही उघडून वाचलेले असतील, तर मात्र ग्रुप म्यूट करा. आठ तास, एक आठवडा किंवा कायम, असे तीन पर्याय येतात. आठ तासांनी भागणार नाही.