‘पाच मिनिटांच्या कामाला दोन दिवस’: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही दोन स्टार देऊन चार तक्रारी लिहिल्यात. पाच मिनिटांच्या कामाला दोन दिवस लावले. लॅपटॉपवर विंडोजसोबत असलेल्या उबुंटू या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमसाठी ५० जीबी जागा सी ड्राइव्हमधून घ्या असं सांगूनही डीमधून घेतली. घरी गेल्यावर विंडोजनं ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. आणि उबुंटूत डी ड्राइव्हवर काहीच सेव्ह होत नाही. यातली कीची चूक पूर्णपणे आमची आहे आणि डीच्या बाबतीत निम्मी. म्हणून कीपासूनच सुरुवात करतो.

तुमच्या सी ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, आहे. पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड (डिस्कचे भाग सरकवायचं साधन) चालवायला आम्ही बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टमच सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद केलं आणि त्याआधी बिटलॉकर सस्पेंड केलं, म्हणजे तात्पुरतं थांबवलं. पण कंट्रोल पॅनलमधून सस्पेंड केलेलं बिटलॉकर पुढच्या वेळी विंडोज सुरू झालं की आपोआप परत चालू होतं. मशीन अनेकदा रीस्टार्ट करायचं असेल तर मॅनेज-बीडीई कमांडमध्ये रीबूट काउंट ० द्यावा लागतो, मग आपण स्वतः चालू करेपर्यंत ते थांबून राहतं. तो आमच्याकडून द्यायचा राहिला. काम संपल्यावर विंडोज तपासायला आम्ही बूट मेनूतून थेट विंडोज उघडलं, तेव्हा सिक्युअर बूट बंदच होतं. बिटलॉकर त्या स्थितीत चालू झालं आणि टीपीएम चिपनं (बिटलॉकरची किल्ली जपणाऱ्या चिपनं) बूटची, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या टप्प्यांची, तीच साखळी खरी धरली. त्यानंतर आम्ही सिक्युअर बूट चालू करून मशीन तुमच्या हातात दिलं. घरी तुम्ही नेहमीप्रमाणे ग्रबच्या (सुरुवातीला उबुंटू की विंडोज असं विचारणाऱ्या उबुंटूच्या प्रोग्रॅमच्या) मेनूतून विंडोज निवडलंत, साखळी जुळेना, म्हणून निळा स्क्रीन आला. डेटाला काही झालेलं नाही, पण घरी बसून की शोधायची वेळ तुमच्यावर यायला नको होती. मशीन जमा करून घेतानाच ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे ना, हे तुमच्यासमोर बघायला हवं होतं. मनापासून माफी मागतो.

आता डी ड्राइव्ह. तुमच्या ५१२ जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे विंडोजला दिसणाऱ्या ४७६ जीबीवर, पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, कामाआधी या क्रमानं होती: सुरुवातीला १०० एमबीचं ईएफआय (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचं) आणि १६ एमबीचं मायक्रोसॉफ्टचं राखीव, मग ३०० जीबीचा सी, त्याला चिकटून जेमतेम ८०० एमबीचं रिकव्हरी (विंडोज दुरुस्तीचं), मग १२० जीबीचा डी, मग ४८ जीबीचं उबुंटू आणि शेवटी ८ जीबीचं स्वॅप (मेमरी कमी पडली की उबुंटू वापरतं ती जागा). सीमध्ये भरपूर जागा रिकामी आहे हे तुमचं म्हणणं खरं. पण सी आखडला की मोकळी झालेली जागा सीच्या उजव्या कडेला तयार होते. तिथून उबुंटूपर्यंत मध्ये रिकव्हरी आणि डी असे दोन शेजारी आहेत. पार्टिशन फक्त आपल्या कडेला लागून असलेल्या मोकळ्या जागेतच वाढतं, उडी मारून पलीकडची जागा त्याला घेता येत नाही. म्हणजे आधी रिकव्हरी डावीकडे सरकवा, मग अख्खा १२० जीबीचा डी सरकवा, मग उबुंटू. शिवाय रिकव्हरी हलवलं की विंडोजला त्याचा पत्ता सापडत नाही, ते रीएजंट-सी कमांडनं आधी बंद करून नंतर परत जोडावं लागतं. सगळं मिळून जवळपास १७० जीबीची हलवाहलव. डीच्या उजव्या कडेनं ५० जीबी काढले की तीच जागा थेट उबुंटूच्या डाव्या कडेला येते आणि फक्त ४८ जीबी सरकवावे लागतात. डीमध्ये तुमचा डेटा ३८ जीबी होता, त्यामुळे ७० जीबीच्या डीमध्ये तो आरामात मावला. निर्णय योग्यच होता, आजही तोच घेऊ. पण जॉब कार्डवर ‘सी’ लिहिलेलं असताना तुम्हाला एक फोन न करता तो घेतला, हे चुकलं.

तुमच्या मित्रांनी सांगितलेली पाच मिनिटांची पद्धतही खोटी नाही. सी आखडायचा, तिथेच नवं ईएक्सटी४ (उबुंटूच्या पद्धतीचं) पार्टिशन करायचं आणि ते उबुंटूत होम, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइलींची जागा, म्हणून जोडायचं. काहीच सरकवावं लागत नाही. फोटो, डाउनलोड, प्रोजेक्ट यांनी जागा भरली असेल तर आम्हीही हेच सुचवतो. तुमच्याकडे मात्र जागा डॉकर या प्रोग्रॅमिंगच्या साधनाच्या इमेजनी (तयार सॉफ्टवेअरच्या मोठ्या फाइलींनी) खाल्ली होती, आणि त्या व्हार फोल्डरमध्ये, म्हणजे रूट या उबुंटूच्या मुख्य पार्टिशनवरच असतात. रूट ९७ टक्के भरलं होतं, जेमतेम दीड जीबी शिल्लक. होम वेगळं करूनही ते तसंच भरलेलं राहिलं असतं.

वेळ कुठे गेला? पहिला दिवस मशीन रांगेतच होतं, ते कबूल. दुसऱ्या दिवशी आधी डी आखडायला घेतला, तर ८२ जीबी मोकळे असूनही विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट ३१ जीबीच्या पुढे जाऊ देईना. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद बघायची. जागा कोणत्या न हलणाऱ्या फाइलनं अडवली आहे, तिचं नाव तिथे मिळतं. तुमच्याकडे ती सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमधली जुन्या रिस्टोर पॉइंटची (विंडोजला मागच्या स्थितीत नेणाऱ्या नोंदीची) फाइल होती. डीपुरतं सिस्टम प्रोटेक्शन बंद केलं, ते पॉइंट काढले, आणि मग चौकटीत ५१२०० हा आकडा स्वीकारला गेला. तिथे आकडा एमबीमध्ये लागतो. घाईत कुणी ५०००० टाकतं आणि ५० जीबीला जवळपास सव्वा जीबी कमी पडतो.

मग बॅकअप. उबुंटूची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत), डीमधल्या फाइली आणि पार्टिशनच्या तक्त्याची वेगळी फाइल बाहेरच्या डिस्कवर घेऊन पडताळून बघितली. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. प्रत्यक्ष सरकवणं अर्ध्या तासाच्या आत झालं. पण पार्टिशनची सुरुवात डावीकडे न्यायची म्हणजे आतला प्रत्येक ब्लॉक नव्या जागी लिहायचा, आणि नवी जागा जुन्या जागेवरच चढत असते. मध्येच मशीन बंद पडलं तर जुन्या जागीही पूर्ण डेटा नाही आणि नव्या जागीही नाही. म्हणून बॅकअपशिवाय आम्ही हे काम हातात घेत नाही, कितीही घाई असली तरी.

डीवर सेव्ह न होण्याचं कारण फास्ट स्टार्टअप. ते चालू असताना विंडोज शट डाउन केलं तरी पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि डी वापरात असल्याची खूण तशीच राहते. उबुंटू ती खूण बघून ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं. ते तुमच्या डेटाच्या भल्याचंच आहे, जबरदस्तीनं लिहायला लावू नका. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांची सेटिंग, तिथे फास्ट स्टार्टअपची टिक काढा. तोपर्यंत उबुंटूत जायचं असेल तेव्हा शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा, रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं.

की टाकून विंडोज उघडलं असेल तर एकदा बिटलॉकर सस्पेंड करून लगेच रिझ्यूम करा, म्हणजे आत्ताची साखळी नोंदली जाईल. उबुंटूनं ग्रब अपडेट केलं की की परत मागितली जाऊ शकते. ते टाळायला विंडोज ग्रबमधून न उघडता लॅपटॉपच्या बूट मेनूतून उघडायची सवय लावा, सस्पेंड-रिझ्यूमही तसंच उघडून करा. आणि की कागदावर लिहून घरात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.

हे घरी करायचं नसेल तर मशीन घेऊन या, तुमच्यासमोर वीस मिनिटांत करून देतो. घेतलेल्या १२०० रुपयांतले ५०० परत करतो. तुमचा बॅकअप अजून आमच्या डिस्कवर आहे. डी आणि उबुंटूतलं सगळं जागेवर आहे ना, ते उघडून बघा. तुम्ही सांगितलंत की तो तुमच्यासमोर पुसून टाकू.