रिस्टोरेशनला पैसा मिळतो हो, पण दर मे महिन्यात पन्हळी साफ करायला कोण देणार?

"इंग्रजांच्या चर्चला आपण कशाला पैसे द्यायचे, आपले गडकिल्ले काय कमी ढासळतायत?" मुंबईच्या फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलचा विषय काढला की कुणीतरी हे म्हणतंच. अरे, ज्या चर्चगेटला रोज धक्के खात उतरतो ते नावच या चर्चवरून पडलंय, जुन्या कोटाचा या चर्चकडे जाणारा दरवाजा तो चर्चगेट. शहरातले जुने मैलाचे दगड आहेत ना, त्यांची मोजणीही इथूनच. आणि समोरचं कारंजं? त्याचा बहुतेक खर्च कावसजी जहांगीर रेडीमनींनी केला, म्हणजे पारशी माणसाने चर्चसाठी खिशात हात घातला, तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

पैशाची रड इथे पहिल्यापासूनच आहे. 1676 च्या सुमाराला मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड आंजियरच्या काळात काम सुरू झालं आणि मग जे रखडलं ते रखडलंच, शेवटी रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने वर्गणी गोळा केली तेव्हा 1718 च्या नाताळात चर्च उघडलं. (मेट्रोवरचा राग जरा कमी झाला की नाही?)

आता माझा मुद्दा. मोठ्या रिस्टोरेशनला पैसा उभा राहतो. राजाबाई टॉवरला टीसीएसने दिला, काळाघोड्याच्या सिनेगॉगला जिंदालांनी दिला, छान झालं, मनापासून आभार. सेंट थॉमसच्या कामाला तर 2004 मध्ये युनेस्कोचं अवॉर्डही मिळालं. पण नंतरचे वीस-बावीस पावसाळे? मुंबईचा पाऊस अवॉर्ड बघून पडत नाही. पन्हळीत पालापाचोळा अडकला की पाणी भिंतीत मुरतं, फटीत पिंपळाचं रोप धरतं, ते हाताने उपटण्याएवढं असतं तेव्हा काही शेकड्यांत काम होतं आणि मुळं दगडात शिरली की लाखांत जातं. त्यात कुणीतरी घाईघाईत सिमेंट थापतं. जुनी भिंत चुन्याची, तिला श्वास लागतो, सिमेंटने ओल आतच कोंडते आणि दोन वर्षांत शेजारचा गिलावाही फुगतो. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा, तो मिळाला तर त्याची मजुरी द्या, आणि हे दरवर्षी करा. या कामाची फीत कोण कापणार, पाटी कोण लावणार?

सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांना समाजकामावर करावा लागतो त्या खर्चातून होईल म्हणाल, तर कंपनी कायद्यात ऐतिहासिक इमारतींची दुरुस्ती बसते, ते खरंय. पण अनेक वर्षं चालणाऱ्या प्रोजेक्टला सुरुवातीचं वर्ष सोडून तीनच वर्षं मिळतात आणि 2021 पासून कुणाच्या कॉर्पसमध्ये, म्हणजे व्याजावर चालणाऱ्या कायमच्या ठेवीत, दिलेला पैसा सीएसआर म्हणून धरतच नाहीत. म्हणजे ज्या फंडाच्या व्याजावर दर मे महिन्यात शिडी लागेल तो फंड कंपन्यांकडून सीएसआरमध्ये येणारच नाही, तो तुमच्या-माझ्यासारख्यांनीच भरायचा. आपल्या सोसायटीत सिंकिंग फंड भरतोच ना कुरकुरत, तसंच.

तिकीट लावा असंही म्हणतात. पॅरिसच्या नोत्र दामला पाच युरो लावायची कल्पना तिथल्या संस्कृती मंत्र्यांनी 2024 मध्ये काढली तेव्हा चर्चनेच विरोध केला, आणि मला तो पटतो. भर दुपारी ऑफिसमधून सटकून दोन मिनिटं गार सावलीत बसायला येणाऱ्याकडून पैसे घेणं बरं दिसत नाही, परदेशी पाहुण्यांसाठी दारात पेटी ठेवा हवं तर.

आणि किल्ल्यांचं म्हणाल तर तेच रडगाणं तिथेही आहे. 2025 मध्ये बारा मराठा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं, पण तटावरची झुडपं कोण काढणार? ज्याला किल्ला जवळचा त्याने किल्ल्याला द्या, चर्च जवळचं त्याने चर्चला, फक्त देताना 'पैसा देखभालीलाच वापरा' असं लिहून द्या आणि देणगीवर आयकरात सवलत मिळते का तेही विचारा, सरकारने नोटिफाय केलेल्या जुन्या देवळा-मशिदी-चर्चच्या दुरुस्तीला दिलं तर जुनी करपद्धत निवडणाऱ्याला ठरावीक मर्यादेत निम्म्या रकमेवर वजावट असते. मी महिन्याला पाचशे काढायचं ठरवलंय. कोण कोण येतंय?