आधी घसरगुंडीला हात लावून बघ

आमच्या मोठीला रेटिंगचं वेड लागलंय. पप्पा मोबाईलवर शर्ट मागवतात, तो अंगाला बसला नाही की रागारागाने एकच तारा देतात, हे तिने पाहिलं आणि मागच्या वर्षीच्या वहीतली कोरी पानं काढून बागांना तारे द्यायला बसली. वय सात. धाकटा चारचा, त्याला लिहिता येत नाही म्हणून तो तोंडी मत देतो, आणि ते दोनच प्रकारचं, 'भारी' नाहीतर 'बोगस'. तिसरी परीक्षक मी, म्हणजे पाण्याच्या बाटल्या, नॅपकिन, बिस्किटं आणि धाकट्याची एक्स्ट्रा पँट उचलणारी. निघताना सासूबाई दारातूनच विचारतात, "इतला ऊनमा कथा जाई राहिनात?" म्हणजे एवढ्या उन्हात कुठे निघालात. त्यांचं बरोबरच असतं पण पोरं दुपारपासून चप्पल घालून बसलेली असतात.

बाकीच्या गावांत बाग कशावरून ठरवतात मला माहिती नाही, आमच्या जळगावात पहिला निकष एकच, घसरगुंडी किती तापलीय. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळत असतो, आणि पत्र्याची घसरगुंडी म्हणजे तेव्हा चुलीवर उलटं घातलेलं खापर, मांडा टाका नि उचला. धाकटा हाफ चड्डीत, त्यामुळे त्याच्या मांड्या थेट पत्र्यावर. म्हणून मी आधी पालथा हात लावून बघते, मग बाटलीतलं थोडं पाणी ओतते, पाणी बघता बघता वाळलं तर घसरगुंडी रद्द, रडारड मंजूर. बरं पाणी ओतलं की वरची धूळ भिजून मधोमध चिखलाचा पट्टा तयार होतो आणि नेमकं तेव्हाच कोणाचं तरी पांढऱ्या फ्रॉकमधलं बाळ वरून सुटतं आणि त्याची आई माझ्याकडे बघते.

आमच्या कॉलनीजवळच्या बागेतली घसरगुंडी तर बरोब्बर पश्चिमेला तोंड करून बसवलीय. म्हणजे दिवसभर तापायची ती तापतेच, वर संध्याकाळचं कललेलं ऊनही सगळं उतारावरच. उत्तरेकडे तोंड केलं असतं तर हिवाळ्यात तरी वाचलो असतो कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे असतो. मेच्या शेवटी तर आपल्याकडे तो भरदुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो, खांबाचीसुद्धा सावली पडत नाही. पेपरात त्याची बातमी येते तेव्हा मला हसू येतं. आमच्या त्या बागेत वर्षभर शून्य सावली असते, लावलेली झाडं गुडघ्याएवढी आणि त्यांच्याभोवतीच्या जाळ्या माझ्याएवढ्या.

प्लास्टिकच्या रंगीत घसरगुंड्या आल्या तेव्हा वाटलं सुटलो. कशाचं काय, त्याही तापतातच, फक्त पत्र्यासारखा एकदम चटका देत नाहीत, हळूहळू कळतं. आणि थंडीच्या कोरड्या हवेत त्यावरून घसरून आलं की पोराचे केस ताठ उभे, आणि आपण मायेनं हात लावायला गेलो की टच्चकन करंट. धाकट्याला हे इतकं आवडलं की तो बागेतल्या अनोळखी आजोबांना बोट लावून यायला लागला. त्या बागेला त्याच्याकडून 'भारी'.

झोक्यांचं वेगळंच दुःख. झोका असतो, पण वर. कॉलेजातली पोरं साखळी वरच्या दांड्याला गुंडाळून ठेवतात, का ठेवतात देव जाणे, मग सीट आभाळात आणि खाली आमची दोन लेकरं माना वर करून. जो खाली असतो त्यावर एक काका फोनवर बोलत बसलेले. ओपन जिमच्या मशीनवर पोरं लोंबकळतात नि पोरांच्या झोक्यावर मोठी माणसं, अशी अदलाबदल मी जिथे गेले तिथे बघितली. झोक्याखाली पाय घासून घासून खड्डा पडलेला असतो, पावसाळ्यात त्यात पाणी. मोठीने वहीत नोंद केलीय, 'झोका आणि स्विमिंग टँक, दोन्ही आहे'.

तिचे निकष माझ्यापेक्षा कडक आहेत बरं का. लांडोरखोरीला माझे चार तारे, खरी झाडं, खरी सावली, अजून काय पाहिजे. तिने दोन दिले, कारण नाव लांडोरखोरी आणि लांडोर समोर आली नाही. मी म्हटलं अगं, लांडोर काय गेटवर तिकीट फाडायला उभी राहणार का? तर म्हणे, मग नाव कायले ठेवलं. हे 'कायले' शाळेच्या व्हॅनमध्ये शिकलीय. मेहरूण तलावाला हिवाळ्यात फुल मार्क, पण ते खेळण्यांना नाही, बोरांना. मेहरूणची बोरं खिशात भरून आणली आणि बिया सोफ्याच्या फटीत निघाल्या.

भुसावळला माझ्या बहिणीकडे गेलो की पोरं बाग मागतच नाहीत. गच्चीवरून रेल्वे लाईन दिसते आणि मालगाड्यांना तिथे काही कमी नाही. डबे मोजायला बसतात, चाळिशीपर्यंत आलं की धाकटा मध्येच 'शंभर' म्हणतो आणि भांडण लागतं. तेवढ्या वेळात माझा गरम चहा, गरम असतानाच, पिऊन होतो. बागेत हे कधी झालं नाही.

कारण बागेत सूर्य कलल्याशिवाय जाता येत नाही, मेमध्ये अंधार पडतो सातनंतर, म्हणजे अख्खं जळगाव त्याच एका तासात घसरगुंडीच्या शिडीवर. त्यात निघायची वेळ झाली की 'मम्मी शेवटचं एक' सुरू. शेवटचं एक झालं की शेवटचं शेवटचं एक. आणि गेटबाहेर गोळेवाला, भेळवाला, फुगेवाला असे ओळीने उभे की बाहेर पडायला कर भरल्याशिवाय रस्ता नाही.

एका बागेत मात्र वॉचमन काका फार जोरदार आहेत. वेळ झाली की अशी शिट्टी मारतात की कबुतरंसुद्धा उठतात, "चला भो, चला, ओ ताई, पोरं घ्या", आणि माझी दोघंही मुकाट्याने चपला घालतात, जे मी सांगून आजपर्यंत झालेलं नाही. घरी येऊन मोठीने त्यांना शून्य तारे दिले, मी पाच दिले, सरासरी अडीच. वहीत काही असो, माझ्या मनात सध्या तीच बाग पहिल्या नंबरवर आहे.