"पिनबॉलमधे कारचा सबवूफर टाका, झालं काम" या सल्ल्यातलं काय काय चुकीचं आहे

घरी पिनबॉल मशीन असलेल्या लोकांमधे एक सल्ला बरीच वर्षं फिरतोय आणि आता तो इतक्या ठिकाणी जसाच्या तसा दिसतो की नवीन माणसाला तो नियमच वाटतो. थोडक्यात सल्ला असा: आवाज फाटायला लागला म्हणजे कॅबिनेटमधला स्पीकर गेला, तो फेका, कारचा कुठलाही ८ इंची सबवूफर (फक्त खोल बेस वाजवणारा स्पीकर) आणा, वॅट जितके जास्त तितकं चांगलं, ओहम (स्पीकर विजेला किती अडथळा करतो त्याचं माप) फार बघू नका, उलट ४ ओहमचा घेतला तर आवाज वाढतोच, दोन वायरी कशाही जोडा, फक्त मॅग्नेट शिल्डेड (चुंबकाचा जोर बाहेर जाऊ न देणारं) घ्या नाहीतर बॉल खेचला जाईल. यातली बहुतेक वाक्यं चुकीची किंवा अर्धवट आहेत, आणि ओहमवालं वाक्य तर साउंड बोर्डावरचा अँप्लिफायर घालवू शकतं. बोर्डाची दुरुस्ती स्पीकरपेक्षा कितीतरी महाग पडते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी बोलतोय ते मुख्यतः शिकागोच्या कंपन्यांच्या १९८० आणि १९९० च्या दशकातल्या मशिन्सबद्दल, विल्यम्स आणि बॅली वगैरे, कारण अमेरिकेत घरांच्या बेसमेंटमधे जास्त करून तीच दिसतात. १९९२ ची बॅलीची अ‍ॅडम्स फॅमिली घ्या, एकट्या त्या मशीनचे २०,२७० नग विकले गेले होते. या मशिन्समधे वरच्या बॅकबॉक्समधे (मागच्या बाजूला उभ्या असलेल्या डब्यात) छोटे स्पीकर असतात आणि खाली कॅबिनेटच्या तळाला एक मोठा स्पीकर, तोंड जमिनीकडे, पाठ आणि मॅग्नेट वर. ही मांडणी लक्षात ठेवा, कारण अर्धे घोटाळे तिच्यामुळेच होतात.

"आवाज फाटला म्हणजे स्पीकर गेला"

नेहमी नाही. स्पीकरची पाठ वर असल्यामुळे प्लेफील्डवरून (बॉल फिरतो त्या फळीवरून) सुटलेला प्रत्येक स्क्रू, तुटलेली स्प्रिंग, बल्बची काच, वॉशर, सगळं खाली पडतं, त्यातलं काही मॅग्नेटला चिकटतं आणि काही स्पीकरच्या पत्र्याच्या सांगाड्यातून आत जाऊन थेट कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूच्या) पाठीवर बसतं, मग बेसचा आवाज आला की ते थरथरतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं कोन फाटला. आधी प्लेफील्ड उचला, टॉर्च मारा, मॅग्नेट आणि कोन साफ करा, आणि स्पीकरचे व जाळीचे नट घट्ट आहेत का ते बघा. कित्येक मशिन्सचा "फाटलेला" आवाज एवढ्यावर जातो.

दुसरं म्हणजे सतत येणारा गुं असा आवाज. तो बहुतेक वेळा स्पीकरचा नसतोच. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे पॉवर सप्लायचे जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले की १२० हर्ट्झची गुणगुण स्पीकरमधून येते, आणि व्हॉल्यूम एकदम खाली नेला तरी ती तशीच राहत असेल तर तुम्ही कितीही भारी स्पीकर बसवा, तो ती गुणगुण जास्त छान ऐकवेल इतकंच. तिसरं, १९८० च्या दशकातल्या बऱ्याच मशिन्समधे व्हॉल्यूमसाठी फिरवायचा पॉट असतो, तो घाणीने भरला की फिरवताना खरखर होते, आवाज मधेच जातो, मधेच येतो. त्याला कॉन्टॅक्ट क्लीनर लागतो, स्पीकर नाही. (१९९० नंतरच्या विल्यम्स-बॅलीत बटणं असतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.)

स्पीकर खरंच गेलाय का हे बघायला वेळ लागत नाही. मशीन बंद करा, प्लग भिंतीतून काढा, नुसतं मशीनचं बटण बंद करून भागत नाही कारण बटणाच्या आधीच्या भागात मेन्सची वीज असतेच आणि तो सगळा भाग कॅबिनेटमधेच आहे. मग स्पीकरची एक वायर सोडवून मल्टीमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.७ च्या आसपास, कारण मीटर फक्त तारेचा डीसी रेझिस्टन्स मोजतं. काहीच दाखवत नसेल तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, तुटलेली आहे. नंतर स्पीकर काढून कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा हलकेच दाबा, आत घासल्याचं जाणवलं तर व्हॉइस कॉइल खराब, असा स्पीकर बदलायचाच. कडेला फोम असेल तर तो वीसेक वर्षांत भुगा होतो, पण जुन्या पिनबॉलच्या बऱ्याच स्पीकरना कडेला घडीचा कागद किंवा कापड असतं आणि ते फोमपेक्षा खूप जास्त टिकतं. म्हणजे "जुना आहे म्हणून गेला असेल" हे कारण पुरेसं नाही.

"वॅट जितके जास्त तितका आवाज जास्त"

स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सहन करू शकतो, तो किती आवाज काढेल ते नाही. घरात मोठी टाकी बसवली म्हणून नगरपालिका जास्त पाणी सोडत नाही. या मशिन्समधे ज्या प्रकारच्या अँप्लिफायर चिप असतात, उदाहरणार्थ एलएम१८७५, त्यांची क्षमता २० वॅटच्या घरातली. तिथे ३०० वॅटचा सबवूफर लावला तरी मिळणार तेवढीच पॉवर.

आवाज किती येईल हे सांगणारा आकडा वेगळा आहे, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. हलक्या कागदी कोनचा जुन्या पद्धतीचा स्पीकर ९२ च्या आसपास असू शकतो, कारचा जड कोनचा छोटा सबवूफर ८४ च्या आसपास. फरक ८ डेसिबलचा, म्हणजे त्या सबवूफरला तितकाच आवाज काढायला सहा पटीहून जास्त पॉवर लागणार. हिशोब करून बघा, ९२ वाला जो आवाज ३ वॅटमधे देतो त्यासाठी ८४ वाल्याला तुमचा अख्खा २० वॅटचा अँप्लिफायर लागतो आणि पुढे काही शिल्लकच राहत नाही, मग लोक व्हॉल्यूम वाढवत नेतात, अँप्लिफायर क्लिप व्हायला लागतो (ताकद संपून आवाजाच्या लहरींची टोकं छाटतो) आणि आवाज पुन्हा फाटतो. एवढा खर्च करून मशीन आधीपेक्षा हळू वाजतं हे ऐकून लोक चक्रावतात, पण त्यात नवल काही नाही. खरेदी करताना डब्यावरचे मोठे वॅट सोडा, बारीक अक्षरातले डेसिबल वाचा.

"ओहम फार बघू नका, ४ ओहम घेतला तर आवाज वाढतोच"

या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे. यात थोडं खरं आहे म्हणून ते पसरतं. ८ च्या जागी ४ लावला तर तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट वाहतो, पॉवर दुप्पट होते, आणि दुप्पट पॉवर म्हणजे ३ डेसिबल. कानाला ते जेमतेम जाणवतं. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात.

आणि त्या ३ डेसिबलची किंमत काय? बऱ्याच मशिन्समधे बॅकबॉक्सचे स्पीकर आणि कॅबिनेटचा स्पीकर एकाच अँप्लिफायरवर असतात, बॅकबॉक्सच्या वाटेत एक नॉन-पोलर कपॅसिटर असतो म्हणजे बेस तिकडे जात नाही. समजा वर ८ आणि खाली ८ असे पॅरललमधे आहेत, तर ज्या पट्ट्यात दोन्ही वाजतात तिथे अँप्लिफायरला ४ ओहम दिसतात आणि त्याला ते चालतं. खालचा ४ चा केला की हिशोब २.६७ ओहमवर येतो. एलएम१८७५ ४ आणि ८ ओहमसाठी बनवलेली आहे, त्याखाली गेलं की करंट लिमिट लागतं, आवाज घुसमटतो, चिप तापते, आतलं तापमान १७० अंशांवर गेलं की ती स्वतःला बंद करते आणि १४५ च्या आसपास उतरलं की पुन्हा सुरू होते. मल्टिबॉलमधे (एकाच वेळी अनेक बॉल खेळात असताना) आवाज गेला आणि थोड्या वेळाने आपोआप परत आला असं कुणी सांगितलं तर आधी स्पीकरचे ओहम विचारा. तीस वर्षं जुन्या बोर्डाला, सुकलेल्या थर्मल पेस्टसकट, हे रोज करायला लावणं म्हणजे तो बोर्ड मुद्दाम घालवणं आहे.

काही मशिन्समधे स्पीकर सिरीजमधे असतात आणि तिथे गणित उलटं फिरतं, एका स्पीकरचे ओहम बदलले की व्होल्टेजची वाटणी बदलते, खालचा जास्त ओहमचा लावला तर खालचा जोरात आणि वरचे मंद, मग बोललेले शब्द कळत नाहीत आणि नुसता धडधडाट राहतो. म्हणून मशीनच्या मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा काढा, जुन्या स्पीकरच्या मॅग्नेटवर छापलेले ओहम वाचा, मीटरने खात्री करा, आणि तेवढ्याच ओहमचा घ्या. पॅरलल मांडणीत अगदीच नाइलाज असेल तर जास्त ओहमचा लावलेला परवडला, आवाज थोडा कमी येईल पण काही जळणार नाही. कमी ओहमचा मात्र नको.

"कारचा सबवूफर मूळ स्पीकरपेक्षा भारीच"

कारमधे भारी असेल. कारचा सबवूफर ठरावीक आकारमानाच्या बंद किंवा पोर्ट असलेल्या खोक्यासाठी केलेला असतो. पिनबॉलचं कॅबिनेट खोकं दिसतं पण हवाबंद अजिबात नाही, कॉइन डोअरच्या फटी, मागचं वायरचं भोक, बॅकबॉक्सकडे केबल जायला ठेवलेली मोठी वाट, सगळीकडून हवा जाते. त्यात त्या सबवूफरचा कागदावरचा खोल बेस येतच नाही, आणि वरच्या फ्रिक्वेन्सी त्याला मुळातच जमत नाहीत. पहिलं बोलणारं पिनबॉल विल्यम्सचं गॉर्गर, १९७९ चं, सगळा मिळून सात शब्दांचा साठा. त्या काळातल्या मशिन्समधे बऱ्याचदा एकच स्पीकर असायचा, बोलणं, सायरन, सगळं त्यातूनच, तिथे सबवूफर लावला तर मशीनचं तोंडच दाबल्यासारखं होतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या काळी एकेक शब्द मेमरीत बसवायला लोकांनी केवढी खटपट केली आणि आपण तोच ऐकू येणार नाही अशी सोय करतो. एकच स्पीकर असेल तर फुलरेंज (सगळ्या फ्रिक्वेन्सी वाजवणारा) घ्या, वर वेगळे स्पीकर असतील तर जास्त सेन्सिटिव्हिटीचा वूफर.

आणि भोक मोठं करण्यासाठी करवत चालवू नका प्लीज. मूळ मापाचे चांगले स्पीकर आजही मिळतात, जुन्याच बोल्टवर बसतात, तळाचं प्लायवूड एकदा कापलं की परत जोडता येत नाही. मोठा बसवायचाच असेल तर अ‍ॅडॉप्टरची रिंग लावा, आणि आधी मॅग्नेटची उंची मोजा, शेजारी कॅश बॉक्स आणि ट्रान्सफॉर्मर असतो.

"वायरी कशाही जोडा"

वाजेल, पण वरचे आणि खालचा एकमेकांविरुद्ध ढकलतील, जिथे दोन्ही एकत्र वाजतात तो पट्टा पोकळ होईल. जुना काढण्याआधी फोटो काढा. खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला तर सेलचा प्लस ज्याला लागला तो प्लस.

"शिल्डेड नसेल तर मॅग्नेट बॉल खेचेल"

नाही. स्पीकर तळाला, प्लेफील्ड बरंच वर, आणि चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. २७ मिलिमीटरचा, ८० ग्रॅमचा स्टीलचा बॉल तिथून हलत नाही. बॉल चुंबकित झालेले सापडतात ते प्लेफील्डखालच्या मॅग्नेटमुळे, अ‍ॅडम्स फॅमिलीत आहेत तसे, आणि त्याला उपाय बॉल बदलणं. शिल्डिंगचे पैसे वाचवा.

ज्यांना खरंच छातीत जाणवणारा बेस हवाय त्यांनी मूळ स्पीकर तसाच ठेवून मशीनखाली वेगळा पॉवर्ड (स्वतःचा अँप्लिफायर असलेला) सबवूफर ठेवावा, त्याच्या हाय-लेव्हल इनपुटला कॅबिनेट स्पीकरच्या वायरी समांतर द्यायच्या, अँप्लिफायरवर जवळजवळ काहीच भार येत नाही. फक्त नव्या मशिन्समधे एक गोष्ट तपासा, तिथे अँप्लिफायर ब्रिज पद्धतीचा असू शकतो, म्हणजे स्पीकरच्या दोन्हीपैकी एकही वायर ग्राउंड नसते, आणि सबवूफरने त्यातली एक ग्राउंडला टेकवली तर अँप्लिफायर शॉर्ट होतो. अशा ठिकाणी मधे ट्रान्सफॉर्मरवाला लाइन कन्व्हर्टर लावा.