गीझरचा सेफ्टी वॉल्व्ह बुजवू नका : एका फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

थंडी पडली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. गीझरवाल्याला पैसे देऊ नका, घरच्या घरी सहा उपाय करा, असा त्याचा सूर. सेफ्टी वॉल्व्हमधून पाणी टपकत असेल तर एम-सीलने बुजवा. एमसीबी (करंट वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर जास्त अँपिअरचा बसवा. पाणी गरम होत नसेल तर कॉइल गेली, गीझरच बदला. वर्षातून एकदा संडासचं अ‍ॅसिड टाकीत ओतून क्षार काढा. गीझर दिवसभर चालू ठेवा, वीज कमी लागते. आणि गॅस गीझर असेल तर दाराखाली बोटभर फट पुरे.

मी गीझर दुरुस्तीचंच काम करतो. लोकांनी चार पैसे वाचवावेत याला माझी अजिबात हरकत नाही. खाली सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी मला न बोलावता करता येतात. हरकत एवढ्याचसाठी आहे की टपकणं, एमसीबी पडणं, नळाला झिणझिण्या येणं या गीझरने दिलेल्या खुणा असतात. हा मेसेज बिघाड तसाच ठेवून खुणा तेवढ्या पुसायला शिकवतो.

आधी वॉल्व्हचं बोलू, कारण सगळ्यात जास्त जीव माझा तिथे खालीवर होतो. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं पाणी ६० अंशांवर गेलं की दीड टक्क्याने वाढतं. १५ लिटरच्या टाकीत हे जवळजवळ पाव लिटर झालं. वॉल्व्हमध्येच उलट प्रवाह रोखायची सोय असते, त्यामुळे ते मागे पाइपात जाऊ शकत नाही. नळ बंद. मग ते वॉल्व्हच्या तोंडातून थेंब थेंब बाहेर पडतं. गीझर तापत असताना पडणारे हे थेंब म्हणजे वॉल्व्ह शाबूत असल्याची खूण आहे. भिंत ओली होते ही तक्रार असेल तर वॉल्व्हच्या तोंडाला प्लास्टिकची नळी लावून ती खाली जाळीपर्यंत आणून सोडा. तिचं टोक मात्र उघडंच ठेवा.

गीझर रात्रभर बंद असूनही सकाळी टपकतच असेल, तर मामला वेगळा. एक तर वॉल्व्हच्या आत क्षाराचा कण अडकलाय. पाणी गार झाल्यावर वॉल्व्हची छोटी दांडी उचलून दोन-चार सेकंद पाणी सोडा, बरेचदा तेवढ्याने काम होतं. नाहीतर लाइनलाच दाब जास्त आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब होतो. बालेवाडी, हिंजवडीकडच्या वीस मजली इमारतीत गच्चीच्या टाकीतून थेट पाणी आलं तर खालच्या मजल्यांवर तो सहा बारच्या आसपास जातो. म्हणून डक्टमध्ये दाब कमी करणारा वॉल्व्ह बसवलेला असतो. तो बिघडला की एकाच वेळी खालच्या बऱ्याच फ्लॅटमधले गीझर टपकायला लागतात. तेव्हा आपला वॉल्व्ह बदलायच्या आधी वर-खालच्या शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडेही तेच असेल तर काम सोसायटीच्या प्लंबरचं आहे.

आणि बुजवला तर काय होतं? ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा थर्मोस्टॅट चिकटला की कॉइल बंदच होत नाही. मग पाणी फार तापल्यावर कटआऊटने, म्हणजे दुसऱ्या सुरक्षा स्विचने, वीज तोडायची. तोही खराब असेल तर शेवटचा आधार हा वॉल्व्ह. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं, आणि टाकी फाटली की क्षणात त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. वाघोलीत एका घरी ‘पाणी गरम येतं, पण गीझर कडकड वाजतो’ म्हणून गेलो होतो. झाकण काढलं तर वॉल्व्हचं तोंड एम-सीलने भरलेलं, वर दांडी तारेने आवळून बांधलेली. तळाच्या प्लेटमधून रबराचं गॅस्केट जिभेसारखं बाहेर आलं होतं आणि कडेने पाण्याची बारीक रेघ लागली होती. त्या घरात दोन लहान मुलं त्याच गीझरखाली आंघोळ करत होती.

एमसीबीचं म्हणाल तर हिशोब सोपा आहे. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर ९ अँपिअरपेक्षा थोडा कमी करंट घेतो, ३००० वॅटचा १३ च्या आसपास. १६ अँपिअरचा एमसीबी दोन्हींना पुरतो. तरी पडतोय म्हणजे कुठेतरी बिघाड आहे. एमसीबी भिंतीतल्या वायरसाठी असतो. तो ३२ चा केला की बिघाड तसाच राहतो आणि पुढच्या वेळी एमसीबीच्या जागी वायर तापते, तीही भिंतीच्या आत, दिसणार नाही अशी.

तो कधी पडतो ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं. बटण दाबताक्षणी पडला तर शॉर्ट; बहुधा कॉइल फुटलीय किंवा वायर बॉडीला टेकलीय. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर ढिलं कनेक्शन शोधा. सॉकेटला हात लावून बघू नका. एमसीबी खाली करा, प्लग काढा आणि पिना बघा. एखादी पिन काळवंडलेली किंवा प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, एकटा प्लग बदलून उपयोग नाही. एमसीबी तसाच राहून शेजारचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर करंट पाण्यात किंवा बॉडीत गळतोय. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाचा जीव वाचवायला असतो. ‘सारखा पडतो’ म्हणून तो वगळून थेट जोडणी करून देणारे वायरमनही आहेत, त्यांना घरात घेऊ नका.

मेसेजमध्ये नळाच्या झिणझिण्यांचा उल्लेखच नाही, म्हणून इथे सांगतो. नळाला हात लावल्यावर किंचित जरी मुंग्या आल्या तरी गीझर त्या क्षणी एमसीबीवरून बंद, आणि दुरुस्ती होईपर्यंत बंदच. भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका. वायरिंग उलटं झालेलं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि कॉइलपर्यंत फेज तशीच जिवंत राहते. जुन्या पेठांतल्या वाड्यांत, जिथे अर्थिंगची वायर नुसती पाइपाला गुंडाळलेली असते, तिथे तर अर्थिंग आधी तपासून घ्या. पाइप प्लास्टिकचे झाले की त्या गुंडाळण्याला काही अर्थ उरत नाही.

‘गार पाणी म्हणजे गीझर गेला’ हा तर सरळ खिशाला फटका आहे. कॉइल, थर्मोस्टॅट, कटआऊट, गॅस्केट हे सगळं सुटं मिळतं. तापकीर गल्लीत जुना पार्ट दाखवला की बहुतेक वेळा जोडीचा हातात येतो. पण त्याआधी दिवा बघा. दिवाच लागत नसेल तर एमसीबी, प्लग, सॉकेट. दिवा लागतो आणि पाणी गार, तर कॉइल तुटली असण्याचा संभव जास्त. वीज पूर्ण तोडून, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून मल्टीमीटर लावला की २००० वॅटची चांगली कॉइल २६ ओमच्या आसपास दाखवते, ३००० वॅटची १७-१८. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली. कॉइलचं एक टोक आणि बॉडी यांच्यात रीडिंग आलं तर ती गळकी, ती लगेच बदलायची. मल्टीमीटर कधी हातात धरला नसेल तर हे काम माहितगारावर सोडा.

कटआऊटवर काही गीझरमध्ये छोटं लाल बटण असतं. ते दाबलं की गीझर पुन्हा चालू होतो. एकदा दाबायला हरकत नाही. पुन्हा सुटलं तर थर्मोस्टॅट वेळेवर तोडत नाही, एवढा अर्थ त्यातून घ्या आणि दाबत बसू नका.

पाणी कोमट येतं ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि तिथे बरेचदा गीझरचा काही दोष नसतो. दोष मिक्सरचा असतो. त्याचं आतलं कार्ट्रिज झिजलं की गार पाणी आपोआप गरम लाइनमध्ये घुसतं. मिक्सरला जाणारा गार पाण्याचा अँगल कॉक बंद करून नळ सोडा. कडक पाणी आलं तर मिक्सर दुरुस्त करा, गीझरला हात लावू नका. तरीही कोमटच असेल तर टाकीच्या आत वरपर्यंत जाणारी आऊटलेटची नळी कुजून तुटली असू शकते. मग ती वरचं गरम पाणी घेण्याऐवजी खालचं गार पाणी ओढते.

आता क्षार. खडकवासल्याचं पाणी तसं मऊ आहे, त्यावर चालणाऱ्या घरांत गीझर वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या उपनगरांतली गोष्ट वेगळी. बोअरच्या पाण्यातला बायकार्बोनेट तापला की त्याचा चुना होऊन कॉइलवर बसतो. कॉइल बाहेर काढली तर पांढऱ्या, खरखरीत पापुद्र्यांनी बोटाएवढी जाड झालेली दिसते, आणि टाकीतून ओंजळभर खपल्या निघतात. वर सांगितलेला कडकड आवाज याचाच. उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत तापून फुटते.

म्हणजे क्षार काढायला हवा हे मेसेजचं म्हणणं बरोबर आहे. अ‍ॅसिड मात्र चूक, आणि धोक्याचं. संडासचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. टाकीचं अस्तर जिथे सूक्ष्म फुटलेलं असेल तिथून ते पोलाद खातं. शिवाय टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो, टाकीच्या आधी स्वतः गंजून तिला वाचवणारा. अ‍ॅसिड त्याच्यावर पडलं की हायड्रोजन वायू सुटतो, आणि हे सगळं बंद टाकीत, विजेच्या जोडणीशेजारी. साधा मार्ग असा : टाकी रिकामी करून कॉइल काढायची, तारांची टोकं कोरडी ठेवून तिचा भाग कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून बुडवून ठेवायचा, मग ब्रश मारायचा. टाकी नुसत्या पाण्याने खळखळून धुवायची. त्याच वेळी रॉड बघायचा. तो पेन्सिलीएवढा बारीक झाला असेल किंवा नुसती तार उरली असेल तर नवा घालायचा, आणि गॅस्केट दर वेळी नवं. टँकरच्या पाण्यावर हे वर्षातून एकदा करा.

दिवसभर चालू ठेवून वीज वाचत नाही. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट लागतं, २००० वॅटवर वीसेक मिनिटांत. टाकी जितका वेळ गरम, तितका वेळ ती बाहेर उष्णता सोडते. ती भरून काढायला लागणारी वीज हाच वरखर्च. बंद ठेवली की हा खर्च कमी होतो, वाढत नाही. स्टार लेबल याच गळतीवर ठरतं आणि २४ तासांतला आकडा लेबलवर छापलेला असतो.

गॅस गीझरच्या मुद्द्यावर मी कुणाशी वाद घालायला तयार नाही. दाराखालची फट पुरत नाही. लहान बाथरूममध्ये बर्नर जळत राहिला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळलेल्या गॅसला वास असतो, याला नसतो. आंघोळ करणाऱ्याला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, मग पायातली ताकद जाते. कडी उघडायची सुद्धा. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपासकट हवा. ज्योत निळी हवी. पिवळी झाली, वर काजळी धरली तर वापर थांबवून बर्नर साफ करून घ्या. आत कुणी उत्तर देत नसेल तर दार उघडा किंवा फोडा, त्यांना मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. बाकी तो पेटत नाही एवढीच तक्रार असेल तर आधी सेल बदला, मग पाण्याचा दाब बघा. दाब कमी असेल तर तो पेटतच नाही.

‘गीझर बदला’ हा सल्ला एकाच ठिकाणी खरा आहे : टाकीच फुटली असेल तर. झाकण काढून सगळे सांधे पुसून कोरडे करा आणि टिश्यू पेपर लावून ठेवा. सांध्यावरचा कागद ओला झाला तर वायसर किंवा टेफ्लॉन टेपचं काम आहे. सांधे कोरडे राहून आतला थर्माकोल किंवा फोम भिजत असेल तर टाकी गेली, तिला एम-सील टिकत नाही. नवीन घेताना उंच इमारतीत राहत असाल तर ८ बारची टाकी मागा, बोअरचं पाणी असेल तर मॅग्नेशियमचा रॉड सुटा मिळतो का ते दुकानातच विचारा, आणि बसवणाऱ्याला सेफ्टी वॉल्व्ह आपल्यासमोर लावायला सांगा.